ताईच्या रक्तातले ते

प्रयोगशाळेतल्या उबदार कपाटात बाटल्या पुष्कळ होत्या, पण दार उघडलं की धाकटीची नजर आधी कोपऱ्यातल्या बाटलीवर जायची. त्या बाटलीत मलेरियाचे परजीवी होते, आणि ते तिच्या थोरल्या बहिणीच्या रक्तातून आलेले होते. ताईला जाऊन चार वर्षं झाली. हे मात्र मजेत होते. त्यांना रोज ताजं खाद्य लागायचं आणि अधूनमधून माणसाचं रक्त. रक्तपेढीचं कमी पडलं की इथली माणसं स्वतःचं द्यायची, तशी पद्धतच होती. धाकटीनेही दिलं होतं. ज्यांनी ताईचा जीव घेतला त्यांनाच आपण पोसतोय, हा विचार कधीकधी तिला छळायचा. तरी ती बाटली दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायला तिचं मन धजत नव्हतं.

घरी आईने गुन्हेगार केव्हाच ठरवून टाकला होता, तो म्हणजे जावई. गोळ्या त्याच्या हाती होत्या, त्यानेच हलगर्जी केली, असं ती येईल त्याला ऐकवायची. सगळ्या गोळ्या दिल्या म्हणून शपथा घेऊन घेऊन तो बिचारा थकला, पण आईने त्याला पुन्हा उंबरा ओलांडू दिला नाही. खरं सांगायचं तर धाकटीच्या मनातही त्याच्याबद्दल संशय होताच. ती फक्त बोलली नव्हती.

मग जुन्या नमुन्यांची जनुकं तपासायचं काम निघालं. ताईचं रक्त पहिली गोळी पोटात जाण्याआधी काढलेलं होतं, आणि त्यातल्या परजीवींच्या एका जनुकात एवढासा बदल आधीच झालेला निघाला. औषध आलं की हे मेल्याचं सोंग घेऊन पडून राहणार, औषध ओसरलं की उठणार. धाकटीचा विश्वास बसेना. तिने बाटलीतले थोडे बाजूला काढून त्यांना औषध दिलं, मग आणखी दिलं. काचपट्टी स्वच्छ दिसू लागली. तरी ती रोज सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत राहिली, आणि एका दुपारी रक्ताच्या पेशीत परजीवीची ती बारीक जांभळी कडी पुन्हा दिसली. दुप्पट गोळ्या घेऊनही ताई वाचली नसती.

संध्याकाळी तिने आईला सगळं समजावून सांगितलं. भावोजींचा यात काडीचाही दोष नाही, हेही सांगितलं. आई भांडी पुसत होती. बराच वेळ ती एकच पातेलं पुसत राहिली.

"मग आता मेले का ते?"

"नाही. आमच्याकडे आहेत. नवं औषध शोधायचं तर जिवंतच लागतात."

"कोण सांभाळतं?"

"मी."

आईने पातेलं खाली ठेवलं. जावयाला फोन लाव, उद्या जेवायलाच ये म्हणावं, असं तिने सांगितलं. धाकटीने फोन केला. पलीकडे भावोजींना रडू फुटलं, इकडे हिलाही. डोळे पुसून ती ताटं घ्यायला उठली, तशी आई मध्ये आली.

"आधी हात धू."

धाकटीने साबण लावून हात धुतले. आई तिच्या मागेच उभी होती.

"परत धू," ती म्हणाली.