अनवाणी बाईचा नंबर

त्या ग्रामीण रुग्णालयात रांग माणसांची नसे, चपलांची असे. सकाळी व्हरांड्यात आपली जोडी ठेवायची आणि माणसानं निंबाखाली जाऊन चहा प्यायचा, अशी तिथली सुधारलेली पद्धत. रीना नावाच्या पोरीनं तर डावी चप्पल डोळ्यांच्या डॉक्टरसाठी आणि उजवी सुईच्या खिडकीसाठी लावली होती. एकाच वेळी दोन रांगांत उभी राहून ती निवांत भजी खात होती.

केसरबाई पोंभुर्ण्याकडच्या खेड्यातून आली होती. लवकर पिकणारा हलका धान कापताना लोंबी डोळ्याला लागली आणि डोळा लालभडक झाला. डोळ्यांचे डॉक्टर फक्त गुरुवारी यायचे, एक वाजला की उठायचे. पुढच्या गुरुवारपर्यंत थांबायला डोळा काही तयार नव्हता.

"बाई, चप्पल कुठी हाये?" शिपाई दिनेशनं विचारलं.

"नवरात्र हाये ना भाऊ. अनवाणीच राहाचं हाये."

"मंग नंबर कसा लागन?"

"मी सोता उभी हाओ ना!"

"माणसाचा काय भरोसा? इकडंतिकडं जाते. चप्पल जागची हालत नाई."

हे मात्र खरं. एक काळी रबरी जोडी गेल्या गुरुवारपासून तिथंच होती. मालक येत नाही म्हणून दिनेश तिला मागे सरकवत होता, पण रांगेबाहेर काढत नव्हता. मालकाचं काय झालं, हे विचारायची पद्धत नव्हती. त्या जोडीच्याही मागे केसरबाई डोळ्याला पदर लावून उभी राहिली. नव्यानं आलेल्या चपला रुबाबात तिच्या पुढे बसत गेल्या.

मध्येच जिल्ह्याहून एक तरुण साहेब टॅबलेट घेऊन आले. रुग्णांना किती वाट पाहावी लागते, ते मोजायला. "रांगेत रुग्ण एक! वा!" त्यांनी नोंदवलं आणि टॅबलेट केसरबाईपुढे धरला. "समाधानी असाल तर हसरा चेहरा दाबा."

तिला नुसते पिवळे गोळे दिसले. बोट लावलं, ते नेमकं हसऱ्यावर पडलं. रुग्णालय शंभर टक्के समाधानी झालं.

एक वाजत आला तेव्हा रबरी जोडी आणि केसरबाई, दोघीच उरल्या. आत डॉक्टर बॅग भरू लागले.

"हे जोडी कोणाची? लवकर या, डॉक्टर चालले!" दिनेश ओरडला.

"भाऊ, कोणी नाई येत. मले जाऊ दे."

"जोडीच्या आधी कसं जाऊ देऊ बाई? उद्या मालक भांडन ना."

केसरबाईनं महाकाली मायला हात जोडले आणि दोन्ही पाय त्या मोठ्या चपलांत घातले.

"माही हाये."

"मंग सकाळपासून बोलल्या काऊन नाई?" दिनेशनं अदबीनं दार उघडलं.

डॉक्टरांनी कुरकुरत बॅग पुन्हा उघडली, डोळ्यातून बारीक कुसळ काढलं. "आज आला नसता तर डोळा गेला असता. लवकर यायला काय होतं तुम्हाला?"

डोळ्याला पट्टी लावून केसरबाई बाहेर आली.

बाहेर रीना म्हणाली, "काकू, देवीचा नेम मोडला ना तुमी!"

"मोडला बाई." पट्टीखाली डोळा झोंबत होता. केसरबाई हळूच म्हणाली, "आता मायच्या दारात जाईन, दोन्ही डोळ्यानं पाहीन तिले, अन् माफी मागीन."