जे गिळले ते विरघळले नाही

मित्रांनो, मी एक म्हातारी पेशी आहे. एका काळ्या डुकरिणीच्या अंगात मी राहते. माझे बोलणे ऐकायला कोणी थांबेल असे मला वाटत नाही. पण आता थोडाच वेळ उरला आहे, म्हणून धीर करून सांगते.

माझा जन्म तिच्या मांडीच्या हाडात झाला. तिथून रक्ताने मला प्लीहेत आणून सोडले. प्लीहा म्हणजे पोटातली रक्त गाळणारी जागा. रक्तातून परका जंतू आला की त्याला गिळायचे आणि पचवून टाकायचे, एवढेच माझे काम. पुस्तकांत आम्हाला भक्षक पेशी म्हणतात. नाव भयंकर आहे. मी तशी नाही.

हेमलकशाच्या पलीकडे एका जंगलगावात सुकरी आणि तिचा नवरा लच्छू राहतात. डुकरीण त्यांची. तिचे नाव काळी. ती गाभण होती. सुकरी तिची पाठ खाजवत म्हणायची, "माही काळी कदी बिमार पडत नाई." काळीच्या कानावर पडलेले आम्हालाही कळते, कसे, ते मला नीट सांगता येत नाही. ते ऐकले की वाटे, यात आपलाही थोडा हात असावा.

एका सकाळी सुकरीचा भाऊ बिरजू नदीपलीकडून आला. त्याने डुक्कर कापले होते. या भागात डुक्कर कापले की नात्यातल्या प्रत्येक घरी वाटा जातो. पानात बांधलेले मटण त्याने पुढे केले.

"घे बाई. मागच्या साली तुह्या नवऱ्यानं मले कानच धाडला होता. मी मांडी आणली."

"तू कोनाचं ऐकत नाईस, म्हून कान धाडला," सुकरी म्हणाली. दोघेही हसले.

सुकरीने मटण धुतले. धुवण पेजेत मिसळून काळीच्या डोणीत ओतले. सगळीच घरे असे करतात. ते पाणी उकळायला हवे होते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

त्या धुवणात एक विषाणू होता. घशाजवळच्या माझ्या बहिणींनी त्याला गिळले. तिसऱ्या दिवशी तो माझ्यापर्यंत आला. मीही गिळले. मित्रांनो, मी दुसरे काय करणार होते? पण तो विरघळला नाही. माझ्याच पोटात, माझेच साहित्य वापरून, तो आपल्यासारखे शेकडो घडवू लागला. ज्यांनी राखण करायची, त्यांच्याच पोटात त्याने घर केले होते. मी मदतीसाठी हाका मारल्या. सगळ्याच बहिणी मारत होत्या. तो कल्लोळ इतका वाढला की शेजारच्या लसिका पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी, ज्यांना विषाणूने शिवलेही नव्हते, त्याही आमच्या ओरडण्याने मरू लागल्या. आम्ही गप्प बसलो असतो तर त्या वाचल्या असत्या का? मला ठरवता येत नाही.

पाचव्या दिवशी काळी उठली नाही. ताप चढला, कान लालजांभळे झाले. लच्छू सुरी घासायला बसला. मरायच्या आत कापून वाटायची, असे त्याने ठरवले होते.

गावोगाव फिरून जनावरांची देखभाल करणारी रंजीता तेवढ्यात आली. तिने कान पाहिले, जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. मग ती म्हणाली,

"लच्छूभाऊ, कापू नका. हा डुकराईचा साथीचा ताप हाय, ह्यावर दवाई नाई. मानसाले काई होत नाई, पन ह्या मटणानं गावातलं एक डुक्कर राहणार नाई. मेली की खोल पुरा, वरून चुना टाका."

"पुरू? सगळ्याईचा वाटा म्या खाल्ला, न् माहा वाटा जमिनीत? लोकं म्हणतीन, लच्छूनं एकट्यानंच खाल्ला."

इतक्यात बिरजू दारात आला. त्याचा चेहरा उतरला होता. "माही बाकीची तीनई डुकरं मेली," तो म्हणाला.

सुकरीने विचारले, "दादा, तो डुक्कर कापला तवा कसा होता?"

"सुस्त होता. मरून जाईन म्हून कापला."

"अजून कोनाकोनाले देल्लं?"

बिरजू बोटांवर घरे मोजू लागला. सातव्या बोटाशी थांबला. "सात घरं," तो म्हणाला.

सुकरी नवऱ्याकडे वळली. "म्हणू दे लोकाईले कंजूष. गावात मी घरोघरी जाऊन सांगीन." लच्छूने सुरी ठेवली आणि फावडे उचलले.

मित्रांनो, खड्डा खणून होत आला आहे. काळीच्या पोटातली पिले हलायची थांबली आहेत. माझी भिंत आता फुटेल. मी मेले तरी माझ्या पोटातले ते मरणार नाहीत. मांसात ते महिनोन्महिने टिकतात. म्हणून डोणीत घालायचे ते उकळून घाला. सुस्त डुक्कर कापू नका, वाटू नका. पुरलेले उकरू नका. मला राखण जमली नाही.

रंजीताने बिरजूला लगेच निघायला सांगितले आहे. तो त्या सात घरांच्या वाटेला लागला आहे. तिथेही आज डुकरे उठली नसतील, तिथेही सुऱ्या घासल्या जात असतील, कारण तीही वाटून खाणारी माणसे आहेत. बिरजू पायी आहे. तुमच्यापैकी कोणी त्या वाटेवर असेल तर त्याच्या पुढे पळा.