रंजनीच्या पदरावरचा माइक

मित्रांनो, मी वाटाण्याएवढा एक जुना माइक आहे. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईंच्या पदराला एक काळा ठिपका दिसतो ना, तोच मी. हल्ली चेन्नईतल्या एका वृत्तवाहिनीच्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात माझा मुक्काम असतो. पण आवाज अजून स्वच्छ पकडतो, हे आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यात माझ्या पोटात पातळसा पडदा बसवला, वर जाळी लावली, मागे चिमटा आणि लांबलचक तार जोडली. चेन्नईच्या अड्यार भागातल्या स्टुडिओत आलो त्याच दिवशी विजयेंद्रने, म्हणजे आमच्या ध्वनितंत्रज्ञाने, मला बातम्या देणाऱ्या रंजनीच्या कांजीवरम साडीला लावलं. तेव्हापासून मी तिचाच झालो. तिचा आवाज तर सगळ्या तमिळनाडूला ऐकू जायचा. बातम्या सुरू होण्याआधी ती आवंढा गिळायची, तो मात्र फक्त मलाच ऐकू यायचा. याचा मला फार अभिमान होता.

रंजनी तंजावूरकडच्या मराठी घरातली. तमिळमध्ये एक अक्षर आहे, जीभ मागे वळवून, कुठेही न टेकवता म्हणायचं. निवडीच्या पहिल्या चाचणीत तेवढ्या एका अक्षरावरून तिला परत पाठवलं होतं. मग ती टी. नगरच्या बसमध्ये उभ्या उभ्या ते अक्षर घोकत राहिली. शेजारच्या बायका तिच्याकडे बघून सरकून उभ्या राहायच्या. पुढच्या वर्षी ती निवडली गेली आणि काही वर्षांतच संध्याकाळी सातच्या बातम्या तिच्याकडे आल्या. त्या वेळेला घराघरात मिक्सर बंद व्हायचे, असं लोक तिला भेटून सांगत.

मग श्रीनिधी आली. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, लांब मानेची, हसरी मुलगी. तिची आई टी. नगरमध्ये साड्यांच्या दुकानात साड्या दाखवायचं काम करायची. रंजनीनेच श्रीनिधीला श्वास कुठे घ्यायचा, कागद कसा उलटायचा, वाईट बातमीनंतर किती थांबायचं, ते शिकवलं. "अक्का, तुमच्यासारखं मला कधी जमेल?" असं ती विचारायची, आणि रंजनी खूश व्हायची.

एके दिवशी संपादक वेंकटने रंजनीला बोलावलं. "सातला आता श्रीनिधी बसेल. तुम्ही दुपारचं बघा. लोकांना नवा चेहरा हवा असतो, मॅडम."

"तिला ते अक्षर नीट म्हणता येत नाही, वेंकट," रंजनी म्हणाली.

"आता कोण बघतंय ते?" वेंकट म्हणाला.

त्याच सुमाराला बिनतारी माइक आले. देखणे, गुळगुळीत. ते सातच्या स्टुडिओत गेले आणि मी रंजनीबरोबर दुपारच्या स्टुडिओत. मित्रांनो, खरं सांगतो, त्या बिनतारी पोराला श्रीनिधीच्या खांद्यावर चमकताना पाहून माझ्या जाळीत काटा अडकल्यासारखं व्हायचं.

रंजनीचंही तेच झालं. घरून तिच्या आत्याचा, राजसबाईंचा फोन यायचा. "सातला ती दुसरी पोर कां गे बसते? तुजला बरें नाहीं की काय?" रंजनी "काही नाही आत्या" म्हणून फोन ठेवायची. पण दुपारचं काम आटोपलं तरी घरी जायची नाही. सातपर्यंत मेकअपच्या खोलीत थांबायची, तिथल्या टीव्हीसमोर बसायची आणि श्रीनिधी कुठे अडखळते याची वाट पाहायची. श्रीनिधी चुकली की हिच्या ओठांवर बारीक हसू यायचं. चुकली नाही तर घरी जाताना विजयेंद्रशीसुद्धा बोलायची नाही.

अशाच एका संध्याकाळी बातमी आली. टी. नगरमध्ये साड्यांच्या दुकानाला आग. दुकानाचं नाव पडद्यावर उमटलं आणि श्रीनिधीचा आवाज चिरकला. तिची आई त्याच दुकानात होती. श्रीनिधी वाचत राहिली, पण वाक्यं तुटू लागली, एक ओळ तिने दोनदा वाचली.

विजयेंद्र धावत मेकअपच्या खोलीत आला. "मॅडम, वेंकट सरांनी सांगितलंय, तयार राहा. ती कोसळली की जाहिरात लावतो, तुम्ही बसा." त्याने मला तिच्या पदराला लावलं आणि तो केबल आणायला पळाला.

मित्रांनो, किती दिवसांनी! सातची वेळ, मोठी बातमी, मी आणि रंजनी. मी तर हरखूनच गेलो.

तेवढ्यात आरशाखाली ठेवलेला फोन वाजला. श्रीनिधीचा होता. स्टुडिओत फोन नेता येत नाही, म्हणून ती तो इथेच ठेवायची. पडद्यावर 'अम्मा' असं नाव चमकत होतं. रंजनीने ते पाहिलं. मग तिने पावडरचा पफ उचलला आणि गालावर फिरवला. फोन वाजून वाजून थांबला. तिच्या छातीतली धडधड मला ढोलासारखी ऐकू येत होती.

फोन पुन्हा वाजला. रंजनीने पफ टाकून दिला आणि फोन उचलला.

"श्रीनिधी? कण्णा, माझ्या सोन्या, मी खाली आले गं!" पलीकडून खोकत खोकत बाई बोलत होती.

"मी रंजनी बोलतेय."

"बातम्यांतल्या रंजनी? मॅडम, माझ्या पोरीला सांगा हो. ती घाबरली असेल. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायका मागच्या जिन्याने उतरल्या."

ही बातमी दुसऱ्या कुठल्याच वाहिनीकडे नव्हती. खुर्चीत बसून रंजनीने ती सांगितली असती, तर सात वाजता पुन्हा तिचंच नाव झालं असतं. ती उठली. मला वाटलं, निघाली खुर्चीकडे. पण ती कंट्रोल रूममध्ये शिरली. माझी तार मागे फरशीवरून फरफटत होती. वेंकटला बाजूला सारून तिने ते बटण दाबलं, ज्यातून निवेदिकेच्या कानात बोलता येतं.

"श्रीनिधी, तुझी अम्मा बाहेर आहे. आत्ता माझ्याशी बोलली. त्यांच्या मजल्यावरच्या सगळ्या जणी उतरल्यात. श्वास घे. आता सांग लोकांना."

पडद्यावर श्रीनिधीने डोळे मिटले, उघडले, आणि स्वच्छ आवाजात ती बातमी सांगितली. पुढचं सगळं तिने न अडखळता वाचलं. त्या दिवसापासून सातची खुर्ची कायमची तिची झाली. मेकअपच्या खोलीत परतून रंजनीने मला पदरावरून काढून टेबलावर ठेवलं. मी तिच्यावर रागावलो होतो. खोटं कशाला सांगू, थोडासा अजूनही आहे.

बातम्या संपल्यावर श्रीनिधी तिथे आली, आईशी बोलली आणि फोन हातात धरून उभी राहिली.

"अक्का, अम्माचा त्याआधीही एक फोन आला होता. तुम्ही इथेच होता ना?"

"होते," रंजनी म्हणाली. "वाजू दिला."

मग श्रीनिधी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. "मी शिकाऊ होते ना, तेव्हा रोज साडेसहाला देवाला सांगायचे, आज रंजनीअक्कांचा घसा बसू दे."

रंजनी तिच्याकडे बघतच राहिली. मग दोघी हसल्या. हसता हसता रंजनीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा ते पुसायला श्रीनिधीने पावडरचाच पफ पुढे केला.

पुढे रंजनी निवृत्त झाली, दुपारच्या स्टुडिओतही बिनतारी माइक आले आणि मी या डब्यात आलो. कधीतरी डब्याचं झाकण उघडेल, कुणीतरी मला बाहेर काढेल, अशी आशा आहे. तुमच्याही हाती कधी एखादा माइक आला, मित्रांनो, तर त्याला टिचक्या मारू नका, त्यात फुंकू नका. आमचा पडदा फार नाजूक असतो. मनात जे असेल ते सरळ बोला. ते कितीही वाईट असलं तरी आम्ही ऐकून घेतो.