तयार ठेवलेलं हसू

गझवान मला 'गुलाम' म्हणतो ते प्रेमाने, असं मी सुंदुसला कितीदा तरी समजावलं होतं. ती एकच विचारायची, "प्रेमाने म्हणतो, तर तुझं तोंड का उतरतं?"

आम्हा काळ्यांना इराकमधल्या या बसऱ्यात हा शब्द काही नवा नाही. भांडणात म्हणतात, लाडातही म्हणतात. त्यासाठी मी एक हसू तयारच ठेवलं होतं. शब्द आला की ते आपोआप ओठांवर यायचं आणि वेळ निभावून न्यायचं.

सुंदुसच्या घरी मागणी घालायला जायचं ठरलं तेव्हा तिने बजावलं होतं, "त्याला आणू नकोस." मी ऐकलं नाही. गझवान आणि मी मिळून एसी दुरुस्तीचं दुकान चालवतो. माझे वडील गेले तेव्हा खांदा द्यायला सगळ्यात पुढे तोच होता. त्याला मागणीला नेऊ नको म्हणजे काय? शिवाय बायकांनी सगळं आधीच पक्कं केलं होतं. आम्ही पुरुषांनी जाऊन बसायचं, समोर आलेल्या कॉफीला हात लावायचा नाही, माझ्या मामांनी मागणी घालायची आणि मुलीच्या वडिलांनी "प्या आता" म्हणायचं. म्हटलं की सोयरीक झाली.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर आम्ही गेलो. कॉफी आली. मुबारकमामा झकास बोलले. सुंदुसचे वडील अबू नासिर माझ्यासारखेच काळे, जन्मभर बंदरावर राबलेले, बोलणं मोजकं. त्यांनी मान हलवली आणि तोंड उघडलं, पण गझवानला तेवढाही दम निघेना. त्याने माझ्या मांडीवर थाप मारली.

"घे गुलामा, जमलं बघ तुझं!"

आणि मी हसलो. तेच हसू.

अबू नासिर थांबले. मामांनी डोळे मिटून घेतले. आतल्या दाराचा पडदा हलायचा थांबला. त्यामागे कोण आहे ते मला माहीत होतं, आणि माझी पाचावर धारण बसली.

गझवान तसा मूर्ख नाही, त्याला कळलं. "काका, आमची गंमत असते हो. शाळेपासूनची. तोही मला जाड्या म्हणतो."

"तू उद्या बारीक झालास की ते संपेल," अबू नासिर म्हणाले. "याचं कधी संपणार?" मग ते माझ्याकडे वळले. "त्याचं राहू दे. तू का हसलास, मरझूक?"

ओठांवर उरलेलं हसू मी पुसलं.

"मीही हसायचो. बंदरावर साहेब याच नावाने हाक मारायचा आणि मी हसायचो. एकदा माझा मुलगा नासिर डबा घेऊन आला होता, लहान होता. त्याने ते हसू पाहिलं. आज तो बाप झालाय, पण ते विसरलेला नाही." त्यांनी कॉफीकडे नजर टाकली. "माझी नातवंडं तुझ्या मांडीवर बसणार आहेत. म्हणून विचारतोय."

कॉफी निवत चालली होती. खरं बोलावं तर दोस्त जातो, हसावं तर सुंदुस जाते, असं मला वाटत होतं. शेवटी मी गझवानकडेच पाहिलं.

"मला ते आवडत नाही," मी म्हणालो. "कधीच आवडलं नाही."

"मग बोलला का नाहीस इतकी वर्षं?"

"बोललो असतो तर तू म्हणाला असतास, एवढीशी गंमत कळत नाही का तुला."

गझवानने विचार केला. खरंच केला, उगाच नाही. त्याचे कान लाल झाले.

"म्हणालो असतो," तो म्हणाला. मग उठायला लागला. "मी बाहेर थांबतो, काका. माझ्यामुळे याचं मोडू नका."

"बस खाली. माझ्या घरातून पाहुणा कॉफी न घेता गेला तर माझीच अब्रू जाईल." अबू नासिरनी पहिल्यांदा स्वतःचा कप उचलला. "प्या आता."

माझा जीव भांड्यात पडला. आत बायकांनी आनंदाचे चीत्कार काढले, मामांनी घाम पुसला. ती कॉफी थंडगार आणि कडू होती, पण मी तळाच्या गाळापर्यंत प्यायलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गझवान जरा अवघडला होता. पाना हवा असला की हाक न मारता पत्र्यावर टकटक करायचा. मला हसू येत होतं, पण ते वेगळं. तेवढ्यात चहावाला आला आणि रोजच्यासारखा दारातूनच ओरडला, "गुलाम कुठाय? त्याचा चहा!"

हे त्याने गझवानकडूनच उचललेलं. मी सवयीने हसू तयार केलं.

"मरझूक नाव आहे त्याचं," गझवान यंत्राआडून म्हणाला. "आणि हे तुला मीच शिकवलं होतं, तर आता विसर."

चहावाल्याने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "बरं. मरझूक, तुझा चहा," तो म्हणाला.

मी चहा घेतला. हसायची गरजच पडली नाही.