बराकीची तक्रार

कमलबाईनं पोराला एकच गोष्ट पढवली होती, आणि तीही तुरुंगाच्या जाळीला नाक लावून. "साहेब काईबी इचारोत, बठ्ठं चांगलं शे म्हन. तोंड बंद ठेव, नि घर ये."

ललित एकोणीस वर्षांचा. पारोळ्याकडचं आपलं गाव सोडून मित्राबरोबर यावलकडच्या यात्रेला गेला होता. तगतराव, म्हणजे यात्रेतली सजवलेली मिरवणुकीची गाडी, निघाला आणि त्याच्यापुढं नाचण्यावरून मारामारी झाली. पळाले ते सुटले. हा शहाणा खाली पडलेल्याला उचलायला थांबला आणि पोलिसांच्या हाती आयताच सापडला. बापावर गेलेला, दुसरं काय! आज त्याच्या जामिनाचा दिवस होता. नवऱ्यामागं एकटीनं वाढवलेलं पोर संध्याकाळी घरी येतं की नाही, यावर कमलबाईचा जीव टांगलेला होता.

कोर्टात ती मागच्या बाकावर पदर आवळून बसली. कैद्यांना हल्ली कोर्टात फारसं आणत नाहीत. तिकडं तुरुंगात कॅमेऱ्यासमोर उभं करतात आणि इकडं भिंतीवरच्या पडद्यावर दाखवतात. न्यायाधीश प्रत्येकाला विचारतात, "काही तक्रार?" पडद्यावरचा म्हणतो, "नाही साहेब." झालं! पाहुणा उंबऱ्यात दिसताच "जेवूनच आला असाल" म्हणावं, तसला हा प्रश्न. शेजारी हवालदार उभा असताना विस्तवात हात कोण घालणार?

ललित पडद्यावर आला. गाल पार बसले होते.

"काही तक्रार?"

"आहे, साहेब."

कमलबाई बाकावरच पुढं सरकली. मेल्या, आजच का तुला वाचा फुटली!

"माझी नाही, बराकीची. नवल म्हणून पोरगा आहे, माझ्याच वयाचा. पावसाळा संपल्यापासून खोकतोय, आता थुंकीतून रक्त पडतं. खोकल्याचं औषध देतात, तपासायला नेत नाहीत. त्याच्या घरून कुणी येत नाही, म्हणून मी बोलतोय. आम्ही सगळे एकमेकांना चिकटून झोपतो साहेब, उद्या सगळेच खोकतील. विधी सेवेच्या वकीलबाई सांगून गेल्या, कैद्यालासुद्धा दवाखान्याचा हक्क असतो."

हवालदारानं मोठ्यानं घसा खाकरला. ललित दबला तर नाहीच, उलट कॅमेऱ्याच्या आणखी जवळ सरकला.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "तुमचा जामीन अर्ज आज आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. आई तिथंच बसली असेल. पण मी सुटलो तर नवलचं कोण सांगणार?"

कमलबाईच्या मुठीतला पदर सुटला. आतापर्यंत मनातल्या मनात ती त्याला शिव्यांची लाखोली वाहत होती, ती बंद झाली. एवढ्या काळ्या कोटांसमोर, ज्याची ना जात माहीत ना गाव, अशा पोरासाठी आपलं पोर उभं राहिलं होतं. तिला वाटलं, उठून सगळ्यांना सांगावं, की हा मना आंडोर, माझा मुलगा.

न्यायाधीशांनी तिथल्या तिथं हुकूम दिला. नवलला आजच्या आज सिव्हिलला न्यायचं, सगळ्या बराकीची तपासणी करायची आणि अहवाल कोर्टात द्यायचा. जामिनाचं मात्र फिसकटलं. सरकारी वकिलांचं लेखी म्हणणंच आलेलं नव्हतं, पुढची तारीख पडली.

"तो बोलला म्हणून नाही हो अक्का," तिचे वकील योगेंद्र बाहेर आल्यावर म्हणाले, "न बोलता तरी तारीखच पडली असती."

"पडू द्या," कमलबाई म्हणाली. डोळे पुसायला तिनं बराच वेळ घेतला.

बसस्टँडवर तिला शेजारच्या कुंदाबाईनं गाठलं. ललित सुरतेला कामाला गेलाय, असं कमलबाईनं गावभर सांगून ठेवलं होतं. गावाला खरं काय ते ठाऊक होतं, पण कुणी तोंडावर बोलत नव्हतं. कुंदाबाईला मात्र खपली काढल्याशिवाय चैन पडत नसे.

"काय व कमल, लल्या सुरतमाच शे का अजून?"

"सुरतमा नही, जेलमा शे!" कमलबाई म्हणाली, तीही अशा आवाजात की गाडीची वाट पाहणाऱ्या माणसांनी माना वळवल्या. "आनि तठे राहीसन त्यानी दुसरीना आंडोरले दवाखानामा धाडं. मना आंडोर शे तो!"