नदीकाठच्या एकवीस पाट्या

शहापुरात भारंगी नदीच्या काठाला नवी बाग झाली, तेव्हा तिथं झाडं लावायची फारशी गरजच पडली नाही. नदीच्या अंगाला जुनी रानझाडं रांगेनं उभीच होती, एकूण एकवीस. बाग आखणाऱ्यांनी त्यातलं एकही तोडलं नाही. झाडांच्या सावलीतून चालायची वाट काढली, मधल्या मोकळ्या जागेत झोपाळे आणि घसरगुंडी बसवली, कोपऱ्यात व्यायामाची यंत्रं लावली. सकाळी डबे भरून झाले की बायका तिथं चालायला येत. संध्याकाळी पोरांचा असा गलका असे की पलीकडच्या काठावरून म्हशी मान वर करून बघत.

या बागेत झाडलोटीला आणि पाणी घालायला लहानी होती. वय पंचेचाळिसच्या आसपास. सापगावच्या पुढं, गावाच्या कडेला तिची वाडी. शेत नाही, त्यामुळं लग्नानंतर वीसेक वर्षं ती दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. बागेतलं काम मिळालं आणि ते जाणं थांबलं. शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला झाडांपुढं पाट्या लागल्या. लोखंडी दांड्यावर हिरवा पत्रा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत झाडाचं नाव. लोकांना पाट्या आवडल्या. लोक थांबून वाचत, फोटो काढत. लहानी रोज त्या फडक्यानं पुसायची.

जानेवारीत आरतीबाई आपला पाचवीचा वर्ग घेऊन बागेत आल्या. बाई हौशी होत्या, मुलांना वर्गात कोंडून शिकवणं त्यांना पटत नसे. मुलांनी वह्या काढल्या. बाई चौथ्या झाडापाशी थांबल्या आणि पाटी मोठ्यानं वाचून म्हणाल्या, "हा ऐन. लिहा. ऐनाचं लाकूड घरबांधणीला वापरतात."

लहानी जवळच पालापाचोळा गोळा करत होती. ती कमरेत सरळ झाली आणि हळूच म्हणाली, "बाई, हा ऐन नाय. किंजळ हाय."

मुलं हसली. बाईंनी पाटीकडं बोट केलं. "मावशी, इथं लिहिलंय ना, ऐन म्हणून. माहीतगार माणसांनी यादी केली असेल."

"असंल," लहानी म्हणाली आणि पुन्हा झाडायला वाकली.

बाई मुलांना घेऊन पुढं गेल्या खऱ्या, पण ते 'असंल' त्यांच्या मनातून जाईना. लहानीनं वाद घातला नव्हता, माघारही घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेआधी आरतीबाई एकट्याच बागेत आल्या. लहानी नळाला पाइप जोडत होती.

"मावशी, काल तुम्ही म्हणालात ते मला जरा समजावून सांगाल?"

लहानीनं पाइप खाली ठेवला, ओले हात पदराला पुसले आणि चालू लागली. चौथ्या झाडापाशी न थांबता ती पार पुढं गेली, नदीकडच्या फाटकाजवळच्या एका दांडग्या झाडापाशी.

"हा ऐन. हात लावा."

बाईंनी हात लावला. सालीला खोल भेगा होत्या आणि त्यामुळं चौकटीच चौकटी पडल्या होत्या.

"सुसरीच्या पाठीवानी लागतं का नाय? उन्हाळ्यात ह्याच्या पोटात पानी असतंय. माझा बाप खाच पाडून दाखवायचा, पानी भळभळ यायचं. आता ते बघा." तिनं मागं चौथ्या झाडाकडं हात केला. "त्याच्या शेंड्यावर लाल लाल झुपके हायेत ना, ती किंजळाची फळं. पंखाची. ऐनाच्या फळालाबी पंख असतात, पन मोठाले. आनि असा लाल रंग त्याला येत नाय."

आरतीबाई वर बघत राहिल्या. लालसर झुपके उन्हात चमकत होते. त्या रोज या वाटेवरून चालत आणि तो मोहोर आहे असं समजत.

त्यांनी समोरच्या झाडाची पाटी वाचली. सुसरीच्या पाठीच्या त्या झाडापुढं 'किंजळ' असं लिहिलं होतं.

"म्हणजे दोन पाट्यांची अदलाबदल झालीय," बाई म्हणाल्या.

"बाकीच्यांवर काय लिवलंय?" लहानीनं विचारलं. "मी रोज पुसते, पन मला कुनी वाचून नाय दाखवलं."

बाईंनी पिशवीतून वही काढली. रस्त्याकडच्या टोकापासून त्या एकेक पाटी वाचत गेल्या आणि लहानी एकेका झाडाचं खरं नाव सांगत गेली. पहिल्यासमोर काकड लिहिलं होतं, ते शिवण निघालं. दुसऱ्यासमोर आसाणा, तो कुंभा. "ह्याच्या सालीची आमी दोरी करायचो," लहानी कुंभ्याला थोपटत म्हणाली. कुठं ती खोडाला नख लावून वास घेई, कुठं पडलेलं पान चुरगाळी, बहुतेक ठिकाणी लांबूनच नाव सांगून मोकळी होई. अकराव्या झाडाशी बाईंनी 'बेहडा' असं वाचलं आणि लहानी म्हणाली, "हां, हे बरोबर." एकवीस पाट्यांत तेवढी एकच बरोबर होती.

बाईंची शाळेची वेळ टळून गेली होती. त्यांनी मुख्याध्यापकांना फोन करून तासाभराची सवलत घेतली आणि लहानीला बरोबर घेऊन रविनाकडं गेल्या. रविना ही बागेचं काम बघणारी तरुण इंजिनीअर. तिची खोली बागेच्या फाटकाशेजारीच होती. लहानी दारातच उभी राहिली. रविनानं खुर्ची पुढं केली तेव्हा ती संकोचून कडेला टेकली.

"वीस पाट्या चुकल्यात?" रविनाचा विश्वास बसेना. "ही यादी वनस्पतिशास्त्राच्या सरांनी दोन दिवस हिंडून केलीय. मी स्वतः त्यांच्याबरोबर होते."

तिनं फाइलीतून यादी काढली. आरतीबाईंनी आपली वही शेजारी ठेवली. सरांच्या यादीत पहिलं नाव काकड होतं, वहीत पहिलं शिवण. काहीच जुळेना. मग रविनाचं बोट कागदावरून सरकत खाली गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. एकविसावं नाव शिवण होतं. विसावं कुंभा. ती यादी खालून वर वाचत गेली आणि वहीतली नावं वरून खाली तशीच्या तशी येत गेली. एकही वेगळं निघालं नाही.

"सर नदीकडच्या फाटकापासून सुरू झाले होते," रविना सावकाश म्हणाली. "आणि पाट्या लावणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांनी रस्त्याकडच्या फाटकापासून सुरुवात केली. म्हणून मधलीच तेवढी जागेवर राहिली." तिनं लहानीकडं बघितलं. "मावशी, सरांनी दोन दिवस पुस्तकं चाळून जे लिहिलं, ते तुम्ही तासाभरात सांगितलंत."

"त्यांनीबी बरोबरच लिवलं व्हतं की," लहानी म्हणाली.

"इतके दिवस कुणी बोललं कसं नाही?" रविनानं विचारलं.

आरतीबाईंनी थोडा विचार केला. "आम्हाला वाचता येतं, म्हणून आम्ही पाटीवर विश्वास ठेवला. ज्यांना झाडं कळतात, त्यांनी पाट्या वाचल्या नाहीत."

रविना नव्या पाट्या करायचं म्हणत होती. लहानीनंच तिला थांबवलं. "पाट्या चांगल्या हायेत, फक्त जागा चुकलीय. उपटून तिकडच्या इकडं रोवू." शनिवारी सकाळी पहार आणि घमेली घेऊन चार माणसं लागली. आरतीबाईंचा वर्गही आला. पाटी निघाली की मुलं ती वाजतगाजत नेत आणि लहानी दाखवील त्या झाडापाशी धरून उभी राहत. दुपारपर्यंत सगळ्या पाट्या आपापल्या झाडापुढं गेल्या. मुलांनी वह्यांत खाडाखोड करून नावं नव्यानं लिहिली. त्या दिवशी हसलेल्या एका मुलीनं लहानीला विचारलं, "तुम्हाला कुणी शिकवलं?" लहानी म्हणाली, "आयेनं. तिच्यामागं डोळखांबच्या रानात हिंडायची मी."

त्यानंतर एक गोष्ट घडली, जी कुणी ठरवून केली नव्हती. पाट्या पुसताना लहानी थांबायला लागली. झाड ओळखीचं, म्हणजे पुढं लिहिलेलं त्याचंच नाव असणार. करंजापुढं आणि काकडापुढं सुरुवातीचं अक्षर एकच, तेच कुंभ्यालाही, फक्त खाली शेपूट. शिवण आणि शिसव यांचंही तसंच. एकदा आरतीबाई चालायला आल्या, तर ही मातीत काडीनं 'आवळा' लिहून बसलेली. बाईंनी शेजारी बसकण मारली आणि 'आसाणा' लिहून दाखवलं. होळीपर्यंत लहानीला त्या एकवीस नावांतली सगळी अक्षरं येत होती.

रविवारी सकाळी लोक तिच्यामागून फिरू लागले. पहिल्यांदा सहा जण होते, मग पंधरा, मग वाट पुरेना. मुंबईला कामाला जाणारी माणसं एरवी सुट्टीला उशिरापर्यंत झोपत, तीही मुलांना घेऊन येत. लहानी बोलायची कमी. ती पान हातात द्यायची आणि गप्प उभी राहायची, म्हणजे माणूस आपोआप नीट बघायचा. रविनाला कुणी बागेबद्दल विचारलं की ती म्हणे, "आमच्याकडं झोपाळे आहेत, पण त्याआधी आमच्या लहानीमावशींना भेटा."

पुढच्या हिवाळ्यात आरतीबाईंनी वर्गाची सहल डोळखांबकडच्या रानात नेली. लहानीला बरोबर घेतलं आणि गाडीत तिला पुढची जागा दिली. नाचणीची शेतं मागं पडली, चढ लागला. लहानी पुढं आणि पस्तीस मुलं मागं. धावडा, मेढशिंगी, टेंभुर्णी अशी नावं ती सांगत होती. एका घळीत पाण्याच्या कडेला एक झाड आलं आणि मुलांनी विचारलं, "हे कोणतं?"

लहानीनं पान तोडून वास घेतला. सालीवरून हात फिरवला. दोनदा झाडाभोवती फिरली.

"हे मला ठाव नाय," ती म्हणाली.

वरच्या पाड्याकडून एक म्हातारी बाई मोळी घेऊन उतरत होती, ठमी तिचं नाव. लहानीनं तिला हाक मारली, मोळी उतरवून घेतली आणि पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

"आये, ह्या झाडाला तुमी काय म्हनता गो?"

ठमी पाणी प्यायली, तिनं तोंड पुसलं आणि ती एका दगडावर बसली. लहानी तिच्या पायाशी बसली आणि तिच्यामागं सगळा वर्ग ऐकायला बसला.