मोहनसिंग, मानोऱ्याकडचा

रवीनं आणून दिलेलं, माणसासारखी आपोआप उत्तरं देणारं सॉफ्टवेअर मोठं हुशार होतं, पण खेड्यातल्या मोबाइलवरच्या ग्रुपांपुढं त्याची डाळ शिजेना. वऱ्हाडातल्या मालेगावच्या स्टँडजवळ विकासचं मोबाइलचं दुकान. तिथल्या कॉम्प्युटरवर त्यानं वेगवेगळ्या सिमवर खाती उघडली, प्रत्येकाला नाव दिलं, फोटो लावला, कोणतं खातं कोणत्या ग्रुपात कधी शिरेल ते बसवून दिलं. खाती शिरायची आणि लगेच हाकलली जायची. कारण आपल्याकडे नवा नंबर दिसला की अ‍ॅडमिन आधी विचारतो, "कोनाचे तुमी?" आणि सॉफ्टवेअर उत्तर देई, "आपल्याशी जोडले जाऊन आनंद झाला." असं कोण बोलतं हो? लग्नपत्रिकाही असं बोलत नाही.

रवी एका भुसार व्यापाऱ्याचा माणूस. त्याला शेतकऱ्यांचे ग्रुप हवे होते. "तू गावचा हायेस, तूच कायीतरी कर," तो म्हणाला. विकासला चेव आला. डोकं होतं पोराला, अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे. त्यानं उत्तरं वऱ्हाडीत लिहिली. "मोहनसिंग, मानोऱ्याकडचा, तांड्यावरचा. सोयाबीन हाये, भाव पाह्यतो." पुढं कोणी काहीही विचारलं तर एकच उत्तर: "हो भाऊ, बराबर हाये." हो म्हणणाऱ्याला कोणी हाकलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तपासून पाहायला त्यानं घरचाच ग्रुप घेतला. केनवडचा हा ग्रुप त्याच्या वडिलांचा, मारोतरावांचा. म्हातारा रोज सकाळी बसनं मालेगावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात यायचा, लिलाव ऐकायचा आणि भाव स्वतःच्या आवाजात ग्रुपवर टाकायचा. त्या आवाजावर गाव माल विकायचं किंवा घरात ठेवायचं.

मोहनसिंग नुसता आत शिरला नाही, मारोतरावांनी सगळ्यांना सांगितलंही, "हा आपला मानूस हाये, मी चौकशी केली." मग त्याच्या ओळखीवर बाकीची खाती आत आली.

"मोहनसिंग लय सादा मानूस हाये रे," दुकानात चहा घेताना ते विकासला म्हणाले. "आपलं आयकून घेते. तुह्यासारखा तोंड चुकवत नाही."

विकास हसला.

दिवाळीत मोंढा बंद झाला आणि व्यापाऱ्याला हवी होती ती संधी आली. रवीनं मजकूर दिला, विकासनं तो चढवला. सगळी खाती एका सुरात बोलू लागली: मोंढा उघडला की भाव पडणार, गावात गाडी येते, माल देऊन टाका. लोकांनी मारोतरावांना विचारलं. लिलावच नाही तर म्हातारा काय सांगणार? त्यानंच उलट मोहनसिंगला विचारलं, "खरं हाये काय, भाऊ?"

"हो भाऊ, बराबर हाये."

"मोहनसिंग म्हनते तर असन," मारोतरावांचा आवाज गावभर गेला. विकासनंही तो दुकानात ऐकला. तेव्हाच घरी एक फोन करायला हवा होता. त्यानं केला नाही. रवी समोर बसला होता, आणि खोटं कशाला सांगा, आपली युक्ती चालली याचा त्याला आनंदच झाला होता.

व्यापाऱ्याच्या गाड्या भरून गेल्या. मोंढा उघडला आणि भाव चढला.

शेजारची प्रयागबाई अंगणात येऊन उभी राहिली. "मारोतभाऊ, तुमच्या आवाजावर इकला मी माल," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाचं आयकलं असतं तर मनाले एवढं लागलं नसतं." ती शिवी देऊन गेली असती तर बरं झालं असतं. तिनं ग्रुप सोडला. मग एकेक करत सारं गाव बाहेर पडलं.

आता सांगून टाकायचंच, असं ठरवून विकास घरी आला. मारोतराव ओट्यावर मोबाइल घेऊन बसले होते.

"पाह्य, गाव गेलं निंगून," ते म्हणाले. "पन मोहनसिंग नाही गेला. त्याचे लोकंबी नाही गेले."

"बाबा, तो मोहनसिंग..."

"त्याले नावं नको ठेवू. तोबी फसलाच असन."

विकास ओट्याच्या कडेला टेकला. त्याला स्वतःची किळस आली.

मारोतरावांनी मोबाइल तोंडाजवळ धरला. "मोहनसिंग, चूक माहीच होती काय रे?"

मोबाइल लगेच वाजला. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "हो भाऊ, बराबर हाये."

मग त्यांनी मान हलवली. "तो कायी खोटं बोलनार नाही," ते म्हणाले.